शिंगराच्या नावचा आरसा

वॉशिंग मशीनच्या जाळीत अडकलेला गवताचा बोळा आईने चिमट्यात धरून बाहेर काढला, एका स्वच्छ बशीत ठेवला आणि ती बशी जेवणाच्या टेबलाच्या मधोमध आणून मांडली. रविवार होता, सगळे जेवायला बसणारच होते. पुरावा डोळ्यांसमोर असला म्हणजे कोणाला काखा वर करता येणार नाहीत, असा तिचा हिशेब होता.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"गवत."

"ते दिसतंय. पण बशीत का?"

"कारण ते मशीनमध्ये होतं. आणि मशीनमध्ये का होतं, ते तुझ्या लेकीला विचार. घोड्यावरून पडून मोडलेलं हाड अजून धड सांधलं नाही, तबेल्यात पाऊल टाकायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आणि माझ्या चादरी धुतल्या की गवत निघतंय. या घरात ठरलेली गोष्ट फक्त मलाच लागू असते का?"

बाबांनी बशी जरा पलीकडे सरकवली. आईने ती परत मधोमध आणली.

आज तिने तयारी पक्की केली होती. आत्याला फोन करून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आत्या दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत बसलेला माणूस दुखलं तरी ओरडत नाही, अशी तिची ख्याती. बाबांकडून तर आईने आदल्या दिवशी कबूलच करून घेतलं होतं की या वेळी मधेच विरघळायचं नाही. राहता राहिले अप्पा. सासरे नातीच्या बाजूने जाणार हे ती गृहीत धरूनच चालली होती. तीन विरुद्ध एक, म्हणजे जमण्यासारखं होतं.

अप्पांनीच तर हे सगळं सुरू केलं होतं. मुलगी चालायला शिकली तरी चार पायांवरच धावते, पाहुण्यांना बघून खिंकाळते, म्हणून त्यांनी तिला कौतुकाने 'शिंगरू' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा चुकून एकदा तेच म्हणाल्या. आईला वाटलं होतं, वय वाढेल तसं जाईल. इतरांच्या मुलांचं गेलं. कोणाचं आगगाड्यांचं वेड गेलं, कोणाचं डायनासोरचं. हिचं मात्र दात पडले, नवे आले, फ्रॉक जाऊन जीन्स आली, तरी घोडे जागचे हलले नाहीत. सोळा वर्षं आई सकाळ-संध्याकाळ घोडे ऐकत होती आणि आता तिचे कान किटले होते.

शिंगरू जिना उतरून आली. डावा हात अजून जरा अंगाला धरूनच चालत होती. तिने बशीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि खुर्ची ओढून बसली.

"हो, गेले होते," ती म्हणाली. "चार वेळा. क्लास आहे असं खोटं सांगून. ओरडायचं असेल तर ओरड, पण आधी माझं ऐक. मला माझा आरसा हवाय."

आईचं भाषण तोंडातच राहिलं.

*

आरसा म्हटल्यावर अप्पांचा हात थांबला.

या घराचा धंदा आरशांचा. खाली कारखाना, वर घर. अप्पांच्या वडिलांनी काच कापायला सुरुवात केली, अप्पांनी पारा चढवायचं काम वाढवलं, आता बाबा कापतात आणि आई कडा घासते. तिच्यासारखी कड या भागात कोणाची निघत नाही. अप्पांनी हे तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, पण गिऱ्हाइकांना सांगताना त्यांची छाती फुगते. आणि या घरात मूल जन्मलं की त्याच्या नावचा एक आरसा होतो. पुरुषभर उंचीचा, जाड काचेचा, घरातल्या थोरल्याच्या हातचा. दर वाढदिवसाला मूल त्याच्या पाठीला टेकून उभं राहतं आणि मागच्या रंगावर त्याच्या उंचीची रेघ ओरखडली जाते. मूल घर सोडून आपलं बिऱ्हाड थाटतं तेव्हा आरसा त्याच्याबरोबर जातो. तोवर तो खाली घडवंचीवर, गोधडीत गुंडाळून उभा.

"कशाला हवाय?" अप्पांनी विचारलं. "कुठे चाललीस?"

"मी नाही. म्हातारीला हवाय."

"कोण म्हातारी?"

"घोडी, अप्पा. तांबडी. मी जिच्यावर बसायला शिकले ती. तिच्या शेजारचा घोडा गेल्या महिन्यात मेला. ती दोघं कायम बरोबर असायची. तेव्हापासून ती नुसती झुलते. एका जागी उभी राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, दिवसभर. आता तर खातही नाही. बरगड्या मोजता येतात. तबेल्यातल्या बाई म्हणाल्या, उद्या जनावरांचे डॉक्टर येणार. तोवर काही खाल्लं नाही तर तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देणार." तिचा आवाज फाटला, पण तिने तो सावरला. "एकट्या घोड्याला आरसा दाखवला तर तो कधीकधी शांत होतो. त्याला वाटतं, कोणीतरी आहे."

मग अप्पा म्हणाले, "नाही."

आईने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं. ज्या माणसाने आजवर नातीला कशालाही नाही म्हटलं नव्हतं, तो आज सुनेच्या बाजूने उभा होता. तिला आनंद व्हायला हवा होता.

"तो आरसा माणसाचा आहे," अप्पा म्हणाले. त्यांना खरोखर लागलं होतं. "तू झालीस त्या आठवड्यात मी तो कापला. दोन काचा बाद केल्या, तिसरी घेतली. तू उद्या तुझ्या घरी जाशील, तिथे लागायचा तो. तबेल्यात शेणाच्या वासात टांगायला केला नाही मी."

"मग कारखान्यातला दुसरा द्या."

"दुसरे गिऱ्हाइकांचे आहेत," आई म्हणाली. "आणि माझ्या हातची एकही काच तबेल्यात जाणार नाही. विषय संपला. ताई, तुम्ही सांगा ना हिला. त्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला."

आत्याने चष्मा पुसला. बोलायच्या आधी ती नेहमी पुसायची.

"खात नाही म्हणजे काय?" तिने शिंगराला विचारलं. "तोंडच उघडत नाही, की चावून टाकून देते? दात बघितले का कोणी?"

"ताई!"

"अगं, आधी निदान नको का? दाढेला धार आली असेल तर आरसा लावून काय उपयोग?"

"दात बघितले, आत्या," शिंगरू म्हणाली. "चांगले आहेत."

"मग मनाचंच आहे," आत्या म्हणाली आणि पानातलं संपवायला लागली. "मग देऊन बघायला हरकत काय? एक जनावर जगलं तर जगलं."

आईने कपाळाला हात लावला. एका वाक्यात माणूस फितूर कसा होतो, हे तिने आज डोळ्यांनी पाहिलं होतं. "मी तुम्हाला घोडीच्या तब्येतीसाठी बोलावलं नव्हतं! ही पोरगी एका हाताने तबेल्यात हिंडतेय, त्यासाठी बोलावलं होतं!"

"माझा घ्या," बाबा मधेच म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. बाबांना स्वतःलाच आपल्या बोलण्याचं आश्चर्य वाटलं. त्यांचा आरसा अजून खालीच होता, लेकीच्या आरशाशेजारी, त्याच घडवंचीवर. आत्या घर सोडून गेली, तिचा गेला. बाबा या घरातून कधी गेलेच नाहीत. जिना चढला की घर आणि उतरला की काम, यातच त्यांचे केस पिकले होते. त्याचं वाईट वाटतं असं ते कधी म्हणाले नव्हते, पण गोधडीतला तो आरसा घडवंचीवरून बाजूला करायची वेळ आली की ते कारखान्यातून काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे.

"पडूनच आहे," ते म्हणाले. "मी आता कुठे जाणार?"

"तू गप्प बस," आई म्हणाली. कालच कबूल केलं होतं त्याने, आणि आज हा असा विरघळला. पण त्याहून तिला त्याचं ते 'कुठे जाणार' बोचलं, आणि बोचलं म्हणून तिला आणखी राग आला.

"बाबा, तुमचा जुना झालाय," शिंगरू हळूच म्हणाली. "पाऱ्याला डाग पडलेत. तिला डागाळलेलं दिसेल."

"सोळा वर्षांची झालीस, जरा बोलायची रीत शीक!" आई कडाडली. "आणि अप्पा, तुम्ही तरी..."

"मी नाही म्हटलंय," अप्पा म्हणाले. "आरसा माणूस जातो तेव्हा जातो. तुझ्या आत्याचा बघ, कसा तिच्या घरी..."

"अप्पा," आत्या म्हणाली, "माझा आरसा न्हाणीघरात आहे. दुसरीकडे मावला नाही. त्याच्यावर टॉवेल असतात. त्यात कोणी बघत नाही."

हे तिने सांगायला नको होतं. निदान असं, तोंडात घास असताना. अप्पांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला, उठले आणि कोणाकडेही न पाहता जिना उतरून गेले.

"बघा," आई म्हणाली. "केलंत ना सगळ्यांनी मिळून? आता म्हाताऱ्या माणसाला जाऊन कोण समजावणार? मीच. नेहमी मीच."

*

अप्पांना समजावायला कोणी आलेलं नको होतं. त्यांनी गोधडीच्या गाठी सोडल्या. आरसा भिंतीकडे तोंड करून होता, म्हणून त्यांना आधी पाठच दिसली. करड्या रंगावर रेघांमागून रेघा वर चढत गेल्या होत्या. पहिली त्यांच्या गुडघ्याच्या वर. प्रत्येक रेघेशेजारी अर्धगोल टाप होती, कारण टाप काढल्याशिवाय कार्टी हलायचीच नाही. खालच्या टापा त्यांनीच काढल्या होत्या. पाचव्या-सहाव्या वाढदिवसापासून तिने स्वतः.

टॉवेल, ते मनाशी म्हणाले. इतकी मेहनत करून टॉवेल.

शिंगरू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती.

"ती बघेल का गं खरंच?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"माहीत नाही, अप्पा. पण दुसरं काय करू ते मला माहीत नाही."

"तुझ्या नावचा आहे. मी कापला म्हणून माझा होत नाही." त्यांनी नाक शिंकरलं. "बापाला हाक मार. आणि टेम्पोची चावी आण."

पुढचा सगळा कारभार बाबा, आत्या आणि अप्पा यांनी इतक्या गडबडीत केला की वर स्वयंपाकघरात आईला आवाजावरूनच सगळं कळत होतं. मी जाणार नाही, असं तिने ठरवलं होतं. करा काय करायचं ते. तिने भांडी घासायला घेतली. खालून बाबांचा आवाज आला, "दोरी इथूनच टाक, बसेल घट्ट." मग काचेच्या कडेवर दोरी घासल्याचा बारीक करकर आवाज.

आई साबणाच्या हातांनीच खाली धावली.

"दोरी कडेवर? उघड्या कडेवर? अक्कल कुठे ठेवलीय सगळ्यांनी? ती कड घासायला मला एक अख्खा दिवस लागला होता! ओली बाळंतीण होते मी! सरका बाजूला." तिने कोपऱ्यांना लाकडी पट्ट्या लावल्या, खाली रबर टाकलं. मग पाठीवर वरपासून खालपर्यंत पारदर्शक चिकट कागद चढवला. "लाथ बसली तर तुकडे घोडीच्या पायात जाऊ नयेत, हे कोणाच्या डोक्यात आलं होतं का? नाही. येणारच नाही."

"तू येतेस?" बाबांनी भीतभीत विचारलं.

"मी आरशासाठी येतेय. घोडीसाठी नाही."

*

तबेला शहराबाहेरच्या रस्त्याला होता. आईने शिंगराला इतकी वर्षं फाटकापर्यंत सोडलं होतं आणि फाटकातूनच परत नेलं होतं. आत ती कधी गेली नव्हती. आज पहिल्यांदा गेली, नाकाला पदर लावून. शेणाचा वास तिला वाटला होता तितका वाईट नव्हता, आणि याचाही तिला राग आला.

म्हातारी खरोखरच झुलत होती. मान खाली, एका पायावरचा भार दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. अंगात आल्यासारखी नाही, तर मुळीच कोणी अंगात नसल्यासारखी. पुढ्यातल्या गव्हाणीत गवत तसंच होतं. तबेल्याच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "करून बघा," त्या म्हणाल्या, "पण मी फार आशा धरणार नाही. आणि घोडी बुजली तर मी लगेच काढायला लावीन."

अप्पांनी ओळंबा धरला. आरसा गव्हाणीच्या वर, घोडीच्या नाकासमोर, उभा, अगदी सरळ लावला गेला. घरातला प्रत्येक आरसा याच पद्धतीने लागला होता, आणि याखेरीज दुसरी पद्धत असते हे अप्पांना, बाबांना, कोणालाच सुचलं नाही. काम सुरेख झालं. अप्पा दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघत राहिले.

म्हातारीने मान वर केली. आरशात दुसरी तांबडी मान वर आली.

मग म्हातारी सवयीने उजवीकडे झुलली, आणि आरशातली नाहीशी झाली. डावीकडे आली, तेवढ्यापुरती दिसली, परत गेली. म्हातारीने कान मागे टाकले. ती भराभर झुलायला लागली, आरशातली येत होती, जात होती, येत होती. घोडी घाबरून खिंकाळली आणि तिची मागची टाप फळीवर आदळली.

"काढा," मालकीणबाई म्हणाल्या. "पुरे. तिचे हाल करू नका."

शिंगरू घोडीच्या मानेला बिलगून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून नुसतं पाणी वाहत होतं. बाबांनी पाना उचलला. अप्पा एकदम म्हातारे दिसायला लागले. आत्याने चष्मा पुसायला घेतला.

आईचं डोकं तडकलं.

"अहो, उभा काय लावताय तिला?" ती दारातून ओरडली. "ती काय साडी नेसून बघणार आहे? जनावर आडवं आहे, आरसा आडवा लावा! एवढासा अरुंद तुकडा, ती हलली की समोरची निघून जाते. कोणीही घाबरेल. एकदा गेलेला पुन्हापुन्हा नव्याने जातोय तिच्यासमोरून! आणि नाकासमोर कशाला? घोड्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूंना असतात त्यांचे. बाजूच्या भिंतीवर लावा. तिचा तो सोबती उभा असायचा त्या भिंतीवर. ती त्याच बाजूला बघणार ना?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. शिंगरूसुद्धा.

"आई," ती म्हणाली, "तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे?" आईचा आवाज आणखी चढला. "सोळा वर्षं माझं डोकं कोण खातंय? शाळेत जाताना घोडे, येताना घोडे, ताप चढला तरी घोडे! त्यांचे डोळे कुठे असतात, ते उभ्याने कसे झोपतात, कान कुठे वळले की काय! मला माहीत नसायला मी काय बहिरी आहे?"

बाबांनी मुकाट्याने आरसा भिंतीवरून उतरवला.

तो बाजूच्या भिंतीकडे नेत असताना आई म्हणाली, "थांबा. जरा उभा धरा." तिने कमरेची किल्ली काढली. "शिंगरू, ये इकडे. पाठीला पाठ लाव. टाचा जमिनीला."

"आज वाढदिवस नाही," अप्पा म्हणाले.

"पाठ एकदा भिंतीला गेली की कसला वाढदिवस, अप्पा?"

शिंगरू आरशाच्या पाठीला टेकून उभी राहिली. आईने तिच्या डोक्यावर तळवा ठेवला, तो जरा जास्त वेळ तिथेच राहिला, आणि मग कोपऱ्यातून चिकट कागद उचलून तिने रेघ ओढली. शेजारी टापही काढली. तिला ती काही जमली नाही, वाटीसारखी झाली.

आरसा आडवा चढला. घोडीच्या डोळ्याच्या उंचीला, शेजारचा घोडा ज्या भिंतीपलीकडे उभा असायचा त्या भिंतीवर. म्हातारी झुलली. आरशातली झुलली. म्हातारी या टोकाला गेली, आरशातली तिच्याबरोबर गेली. परत आली, तिच्याबरोबर आली. कुठेच नाहीशी झाली नाही. दोघी कितीतरी वेळ तशाच झुलत राहिल्या आणि मग झुलणं लहान लहान होत गेलं. म्हातारीने मान लांब केली आणि आरशाला नाक लावलं. काचेवर तिच्या श्वासाचा मोठा धुरकट डाग पसरला.

आईचा हात सवयीने कमरेच्या फडक्याकडे गेला. काचेवर डाग दिसला की तिला राहवत नसे. हात तिथेच थांबला आणि तिने डाग राहू दिला.

मग गव्हाणीतून गवत ओढल्याचा आवाज आला. सावकाश, कोरडा, चावण्याचा.

"दाढा उत्तम आहेत," आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. अप्पा दुसरीकडे तोंड करून ओळंबा गुंडाळत होते आणि तो काही केल्या त्यांच्याकडून गुंडाळला जात नव्हता.

शिंगरू येऊन आईच्या शेजारी उभी राहिली.

"यापुढे वाढलीस तर मला दिसायचं नाही," आई घोडीकडे बघत म्हणाली. "तूच येऊन सांगत जा."

"हो."

"आणि इथून घरी आलीस की आधी खिसे झाडायचे. मग कपडे मशीनमध्ये टाकायचे."